मराठीत लिहिलेली तक्रार घ्यावीच लागते का? वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

प्रश्न : आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून गल्लीतल्या बायकांनी मिळून मराठीत अर्ज केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पंचायतीत नेऊन दिला तर म्हणाले कन्नडमध्ये लिहून आणा, हा चालत नाही. आम्हाला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. असं परत पाठवता येतं का, वकीलसाहेब?

उत्तर : नाही ताई, येत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० याच्यासाठीच आहे. आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, राज्य सरकारचाच अधिकारी, आणि कर्नाटकात मराठी वापरात आहे याला वेगळा पुरावा लागत नाही. राज्याची राजभाषा कन्नड आहे हे खरं, पण ती सरकारच्या कारभाराची भाषा झाली, तक्रार कुठल्या भाषेत करायची हे त्यावरून ठरत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. अर्जाच्या दोन प्रती काढा, वरती मोठ्या अक्षरात लिहा "भारतीय राज्यघटना कलम ३५० अन्वये निवेदन", खाली पाणी कधीपासून नाही, कुठल्या गल्लीत नाही, टँकर येतो की नाही, सगळं तारखेसकट लिहा, आणि एक प्रत त्यांना देऊन दुसरीवर इनवर्ड नंबर (आवक क्रमांक), तारीख आणि शिक्का मारून घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय तिथून हलू नका, कारण पोच नसेल तर उद्या अर्ज आलाच नाही म्हणायला ते मोकळे. एवढं करूनही घेतला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला), त्यात अमुक तारखेला अर्ज नाकारला हे पण लिहा.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. एक म्हणजे कलम ३५० नं तक्रार द्यायचा हक्क मिळतो, उत्तर मराठीतच येईल असं त्यात लिहिलेलं नाही. दुसरी, हे कलम गाऱ्हाण्यासाठी आहे, माहिती अधिकाराच्या अर्जाला ते लावू नका. तो कायदा २००५ चा, आणि त्याच्या कलम ६ मध्ये भाषा ठरवून दिल्यात : इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. म्हणजे इथं मराठीतला आरटीआय परत येऊ शकतो, तो सरळ हिंदीत लिहा. पुढं पाण्याच्या अर्जाचं काही झालंच नाही तर हाच आरटीआय कामाला येतो. इनवर्ड नंबर टाकून विचारा की या निवेदनावर कुठल्या तारखेला काय कारवाई झाली, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लिहिता न येणाऱ्या माणसाला अर्ज लिहायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कायद्यानं ठरवून दिलेलं काम आहे, तेव्हा तसं सांगायला लाजू नका.

प्रश्न : गावच्या मराठी शाळेत पोरं कमी झालीत, बंद करणार म्हणतात. मातृभाषेत शिक्षण हा हक्क आहे ना? कोर्टात जाता येईल का?

उत्तर : इथं नीट समजून घ्या दादा, कारण सभेत भाषणं वेगळी होतात आणि घटनेत शब्द वेगळे आहेत. कलम ३५०-अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, म्हणजे भाषावार राज्यं झाली त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा, असं ते सांगतं. प्रयत्न करावा, एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पण माध्यम शक्यतो मातृभाषेचं असावं, असंच आहे. म्हणून नुसत्या ३५०-अ वर कोर्टात रिट अर्ज करून शाळा वाचेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते खोटं आश्वासन होईल. कलम २९ आणि ३० मात्र मूलभूत हक्क आहेत. आपली भाषा आणि लिपी जपायचा हक्क, आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःची शाळा काढून चालवायचा हक्क. अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरतं, असं सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठानं २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितलंय, त्यामुळे एखाद्या गावात मराठी माणसं जास्त असली तरी कर्नाटकात ती भाषिक अल्पसंख्याकच.

तुमच्या हातात खरं आहे ते पटसंख्येचं. वर्गात १० किंवा अख्ख्या शाळेत ४० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेत शिकवायची सोय करावी, हे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून मान्य झालेलं धोरण आहे. ते घटनेत नाही, पण बीईओसमोर (गटशिक्षणाधिकाऱ्यासमोर) ठेवायला भक्कम आहे. तेव्हा एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीची, बैठक लावा, येत्या वर्षी पहिलीत येणाऱ्या पोरांची नावं आत्ताच लिहून काढा, आईबापांच्या सह्या घ्या आणि ती यादी लेखी द्या, पोच घेऊन. सोबत एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा, हे पद कलम ३५०-ब खाली आहे. ते हुकूम काढू शकत नाहीत, चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेपुढं ठेवला जातो, म्हणून तक्रार तिथं कागदावर असलेली बरी.

आणि हो, कन्नड विषय शिकणं आणि कन्नड माध्यम यात गल्लत करू नका. २०१५ च्या कायद्यानं कन्नड हा विषय सगळ्या शाळांत सक्तीचा आहे, त्यानं मराठी माध्यम जात नाही. माध्यम कुठलं घ्यायचं ते पालकांनी ठरवायचं, राज्याला त्याची सक्ती करता येत नाही, हा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कर्नाटक सरकारच्याच विरोधात लागलाय.

प्रश्न : सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तोवर हे हक्क मागता येतात का? मागितले तर आम्ही कर्नाटकात राहणं कबूल केलं असा अर्थ होतो म्हणे.

उत्तर : अजिबात होत नाही. २००४ चा तो दावा महाराष्ट्र सरकारनं कलम १३१ खाली केलेला, दोन राज्यांमधला. तुमच्या पाण्याच्या अर्जानं किंवा पोराच्या शाळेच्या यादीनं त्यात काही फरक पडत नाही. या भीतीनं लोक वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत आणि नुकसान त्यांच्याच पोरांचं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : दुकानाचा बोर्ड मराठीत लावला तर चालतो का?

उत्तर : कन्नड ६० टक्के असली पाहिजे, कायदाच तसा आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहा, कुणी हरकत घेतली तर ती लेखी मागा.