गोव्यात 25 हजारांच्या आत जुना हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर घेताना काय तपासावे?

पर्वरीच्या फ्लॅटमधली 12 बाय 14 फुटांची खोली, 87 डेसिबल संवेदनशीलतेचे 8 ओहमचे बुकशेल्फ स्पीकर आणि 25 हजारांचे बजेट, एवढे तुम्ही कळवले आहे. मॉडेलकडे नंतर येऊ. गोव्यात आधी विचारायचे ते हे, की तो सेट इतकी वर्षे कुठल्या घरात होता. कोलवा किंवा कळंगुटला किनाऱ्यालगत राहिलेला नामांकित सेट आणि फोंडा-डिचोलीकडच्या घरातला साधा सेट समोर असतील, तर मी दुसऱ्याकडे आधी वळेन. खाऱ्या हवेने रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), साधे स्विच आणि सॉकेटचे कॉन्टॅक्ट गंजतात आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही.

म्हणून बॅटरी घेऊन जा. वरच्या जाळीतून आत उजेड टाका. तांब्यावर हिरवट थर, अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) पांढरी भुकटी किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर गंज दिसला, तर पुढे बोलणी नकोत. पालीची विष्ठा आणि मुंग्यांची माती यांकडेही लक्ष द्या. ओल धरली की त्यातून करंट गळतो आणि बोर्डावरचे ट्रॅक खराब होतात. मोठ्या कॅपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या उभ्या डब्यांचे) डोके सपाटच हवे, फुगलेले चालणार नाही.

मग मागची पट्टी वाचा. आपल्याकडे बरेच सेट आखातातून किंवा तारवटींबरोबर (जहाजांवर काम करणाऱ्यांबरोबर) आलेले असतात. दुबई-कुवेतचा सेट बहुधा थेट चालतो. सौदीच्या जुन्या सेटवर मात्र 110 किंवा 127 व्होल्ट असू शकते आणि खास जपानमध्ये विकलेला सेट 100 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टवर लावला तर जळेल. बाजारातला 110 व्होल्टचा स्टेप-डाऊनही त्याला दहा टक्के जास्त दाब देतो. व्होल्टेज सिलेक्टर असेल तर प्लग लावण्याआधी तो 230 किंवा 240 वर आहे ना, ते स्वतः बघा.

वॅटच्या मागे लागू नका. तुमच्या स्पीकरांतून 1 वॅटला एक मीटरवर 87 डेसिबल मिळतात. 40 वॅटला साधारण 103. 80 वॅट घेतले तरी त्यात फक्त 3 डेसिबलची भर पडते. त्यामुळे 8 ओहमला खरे 40 ते 60 वॅट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) या खोलीला पुरून उरतात. पीएमपीओचा (क्षणिक, फुगवलेल्या पॉवरचा) आकडा ऐकूच नका. मागे लिहिलेले 200 वॅट हे बहुतेक वेळा विजेच्या वापराचे असतात, ते आउटपुट समजू नका.

आता खरी तपासणी. स्पीकर न जोडता सेट चालू करा. बहुतेक सेटमध्ये काही सेकंदांनी रिलेचा 'टक्' आवाज येतो. रिले असूनही तो आलाच नाही, तर बहुधा प्रोटेक्शन सर्किटने काहीतरी बिघाड पकडला आहे. दहा मिनिटे तापू द्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलमधले व्होल्टेज मोजा. 20 मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, 50 पर्यंत चालेल. 100 च्या वर असेल, किंवा आकडा सतत हलत असेल, तर बहुधा आतले ट्रान्झिस्टर नाहीतर ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) बिघडलेला आहे आणि तुमच्या वूफरमधून सतत डीसी जात राहील. मीटर साधा चारशे-पाचशेचा पुरतो. विक्रेत्याने मोजू दिले नाही तर निघून या.

नंतर स्पीकर जोडा आणि अगदी हळू आवाजात ऐका. एक बाजू गायब किंवा फाटकी असेल, आणि क्षणभर आवाज मोठा केल्यावर ती परत येत असेल, तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले आहेत. हळू आवाजातला छोटा करंट त्या थरातून पार होत नाही, मोठा होतो. आपल्या हवेत हा दोष फार आढळतो. रिले काही शे रुपयांत बदलून मिळतो, म्हणून सेट नाकारू नका, किंमत पाडून घ्या. पॉलिश पेपरने घासून दिलेला रिले मात्र घेऊ नका. वरचा मुलामा गेला की तो पुन्हा लवकर काळा पडतो.

यासाठी केसरबाई केरकरांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावा. ते मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) असल्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. हळू आवाजात तो एका बाजूला झुकला तर व्हॉल्यूम पॉट (बटणामागचा फिरता भाग) किंवा रिले, दोहोंपैकी एकात दोष आहे.

सगळी बटणे दहा-पंधरा वेळा फिरवा. खरखर कमी होत गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने काम होईल. डब्ल्यूडी-40 आत मारू नका. साफ करूनही व्हॉल्यूम फिरवताना खरखर राहिली, तर बहुधा सिग्नलच्या वाटेतल्या एखाद्या (कपलिंग) कॅपॅसिटरमधून पॉटवर डीसी येत असते. व्हॉल्यूम शून्यावर, इनपुटच्या सगळ्या वायरी काढलेल्या, तरीही घूं ऐकू येत असेल तर बहुधा पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर थकले आहेत. व्हॉल्यूमबरोबर वाढणारी घूं बहुधा केबलची किंवा अर्थिंगची असते. आवाजच येत नसेल तर आधी टेप मॉनिटरचे (आवाज टेपरेकॉर्डरच्या वाटेने वळवणारे) बटण दाबलेले आहे का ते बघा.

हीटसिंकवर वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरऐवजी एकच मोठा काळा ठोकळा दिसला, तर तो एसटीके आयसी (सगळे आउटपुट सर्किट एकाच ठोकळ्यात). चांगला वाजतो, पण गेला की खरा मिळणे कठीण. बाजारात नकलीच जास्त. असा सेट अगदी स्वस्त असेल तरच घ्या.

वर्षानुवर्षे बंद असलेला सेट थेट भिंतीत लावू नका. इलेक्ट्रिशियनच्या सिरीज बोर्डावर 100 वॅटचा तारेचा बल्ब लावून चालू करा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे.

मॉडेल म्हणाल तर तुमच्या खोलीला यामाहा ए-एस301, मरांट्झ पीएम6005 किंवा एनएडी सी316बीईई यांपैकी जे सुस्थितीत मिळेल ते. पहिल्या दोघांत ऑप्टिकल इनपुट आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आहे, त्यामुळे टीव्हीसारख्या डिजिटल साधनासाठी वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचे आवाजात रूपांतर करणारा डबा) लागत नाही. 1978 चा एनएडी 3020 सुरेख आहे, पण त्याचे नाव झाल्यामुळे पैसे नावाचे जातात आणि कॅपॅसिटर बदलण्याचा खर्च वेगळा. जुना एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अनेक स्पीकरांचा सेट) स्वस्त दिसला तरी दोन स्पीकरांसाठी घेऊ नये. त्यातला एचडीएमआय बोर्ड बिघडला तर दुरुस्ती परवडत नाही.

20 हजारांपर्यंतच सेट पाहा, 5 हजार दुरुस्तीला राखून ठेवा. पुणे किंवा बेळगावहून घेणार असाल तर स्वतः जाऊन, ऐकून, गाडीत मांडीशी घेऊन या. कुरिअरमध्ये आदळला की जड ट्रान्सफॉर्मर खालचा पत्रा वाकवतो आणि बोर्डाला तडा देतो.

घरी आणल्यावर वर हाताच्या चार बोटांइतकी मोकळी जागा सोडा. पावसाळ्यात रोज तासभर वाजवा, म्हणजे उबेने ओल टिकत नाही. प्लास्टिकने झाकलात तर दमटपणा आत कोंडेल. मे महिन्यात आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढून ठेवा.