भारतात इंग्रजीत कायम नव्वदच्या वर असणाऱ्या माझ्या मुलीला न्यूयॉर्कच्या हायस्कुलात सराव परीक्षेच्या निबंधाला 6 पैकी 2च गुण का मिळाले?

मुलीचं इंग्रजी कच्चं आहे असं आधी मनातून काढून टाका. मी नाशिकला 11 वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता न्यूयॉर्कच्याच एका सरकारी हायस्कुलात शिकवते. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी नेमकी हीच ठेच मला लागली, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून.

भारतातून नुकत्याच आलेल्या एका मुलाचा सराव निबंध माझ्याकडे होता. एक स्पेलिंग चुकलेलं नाही, शेवटी सुविचार. मी खुशीत 5 दिले. सहकारी बाईंनी काही न बोलता रूब्रिकमधल्या (गुण कशाला किती द्यायचे त्या निकषांच्या तक्त्यातल्या) एका ओळीवर बोट ठेवलं: दिलेल्या उताऱ्यांचा आधार जवळजवळ न घेता नुसतं स्वतःचं मत मांडलं असेल, तर 1च्या वर गुण नाहीत. मी भांडले, पण ओळ ती ओळच.

इथं या विषयाचं नाव 'इंग्लिश लँग्वेज आर्ट्स', आणि तो इंग्रजी शिकवायचा विषय नाही. इंग्रजी येतंच असं धरून वाचायला आणि वाद घालायला शिकवायचा विषय आहे. रीजंट्सचा, म्हणजे तुमची लेक जिचा सराव करतेय त्या राज्याच्या हायस्कूल परीक्षेचा पेपर पाहिला की हे कळतं (2014पासूनच्या ज्या साच्यावर मी बोलतेय, तो): आधी उताऱ्यांवर 24 बहुपर्यायी प्रश्न. मग एका वादाच्या विषयावर चार मजकूर देतात, त्यांतले किमान तीन वापरून बाजू मांडायची. शेवटी एका उताऱ्याचा मध्यवर्ती विचार आणि लेखकानं तो कोणत्या युक्तीनं उभा केला हे दोन-तीन परिच्छेदांत. हा शेवटचा प्रश्न म्हणजे आपलं दहावीचं रसग्रहणच, घाबरू नका.

खरी मेख मधल्या निबंधात. त्याच्या गुणांना चारनं गुणतात, म्हणजे 56च्या कच्च्या बेरजेत 24 त्याचेच. 2चे 4 झाले की थेट आठची भर. तो तपासतात चार अंगांनी: मुद्दा व विश्लेषण, पुरावा, मांडणी व शैली, आणि भाषेचे नियम. तुमच्या लेकीची सगळी कमाई ज्या व्याकरणावर होती, ते इथं चारांतलं एक. (आणि हो, बाई खडूस म्हणून कमी दिले असं रीजंट्सच्या बाबतीत म्हणता येत नाही. निबंध दोघं तपासतात, आणि आपल्या वर्गाचे पेपर आपल्याला मिळत नाहीत.)

पुरावा म्हणजे काय, ते उदाहरणानं सांगते. समजा विषय आहे, शाळा सकाळी उशिरा भरावी का. आपली मुलं लिहितात: 'झोप ही आरोग्याची गुरुकिल्ली आहे. लवकर निजे, लवकर उठे...' वाचायला गोड, पण हे कोणत्या उताऱ्यात आहे? कुठल्याच नाही. आता हे पाहा: 'वेळ बदलली तर बसचा खर्च वाढेल असं विरोधक म्हणतात (मजकूर 2, ओळ 14). पण फेऱ्या एकत्र केल्या तर खर्च तेवढाच राहतो, हे त्याच मजकुरात पुढे कबूल केलंय (ओळ 30).' यात अलंकार नाही की म्हण नाही. पण समोरच्याचं म्हणणं मांडलंय, ते त्याच्याच शब्दांत खोडलंय आणि ओळ क्रमांक दिलाय. गुण इथं आहेत. मात्र उलटं टोकही गाठू नका. चारी मजकूर उतरवून काढले आणि स्वतःचं काहीच नसलं, तर शून्य. पाठांतराची सवय असलेली मुलं इथंच फसतात.

क्लास लावायची घाई नको. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर जुने रीजंट्स पेपर फुकट आहेत, आणि त्यांच्यासोबत मुलांनी लिहिलेले खरे निबंध, प्रत्येकाला किती गुण आणि का दिले यासकट. 4चा एक आणि 2चा एक छापून घ्या, गुण कागदानं झाका आणि तिलाच तपासायला बसवा, लाल पेन देऊन. मग तिचा स्वतःचा निबंध तिच्यासमोर ठेवा.