एमपीएचला निघालीस, म्हणून

तू विचारलंस, बीडीएसनंतर (दातांच्या डॉक्टरकीनंतर) अमेरिकेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, करावं का आणि सात वर्षांच्या मुलाला सोबत आणावं का. दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय. फी, टोफेल, व्हिसाची मुलाखत हे तुला सगळीकडे वाचायला मिळेल, ते सोडून देते.

एमपीएच झालं म्हणून इथे दवाखाना थाटता येत नाही, हे मनाशी पक्कं कर. दुसरं, ऑफर लेटर आलं की कोर्सचा कोड विचार. एपिडेमिऑलॉजी (रोग कुणाला, कशामुळे होतात त्याचा अभ्यास) किंवा बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी) 'स्टेम'मध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या सरकारी यादीत, बसलं तर शिकून झाल्यावर तीन वर्षं काम करता येतं; साध्या एमपीएचला बहुतेक एकच. मी विचारलं नव्हतं. ते एक वर्ष कसं काढलं, आमचं आम्हाला माहीत.

मुलाचं मात्र अजून सलतं. शाळेच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असा रकाना होता. मी अभिमानाने मराठी लिहिलं. लगेच त्याची इंग्रजीची चाचणी झाली आणि वाचनाच्या तासाला त्याला उठवून वेगळ्या खोलीत नेऊ लागले. सोलापुरात इंग्लिश मीडियममध्ये धडाधड वाचणारं पोर! बाई म्हणाल्या, तो बोलतच नाही. अगं, त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. त्या खास वर्गाला नाही म्हणायचा हक्क पालकांना असतो, हे मला वर्षभराने कळलं. तोवर मी बायोस्टॅटच्या परीक्षेत बुडालेली. आता नववीत आहे, आजीशी फोनवर 'हो', 'बरं' एवढंच बोलतो.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, जास्त. सवय होते.

सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या आईने सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या दोन खोल्यांत बावीस वर्षं विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी, मांडीवर सूप, घरभर तंबाखूची धूळ. त्यावर माझी फी भरली. इथे एपिडेमिऑलॉजीच्या वर्गात 'एक्स्पोजर'चं, म्हणजे घातक गोष्टीशी किती संपर्क आला त्याचं, उदाहरण द्या म्हणाले, तेव्हा मी तिचंच दिलं: किती वर्षं, दिवसाला किती तास, खोलीला खिडकी किती. सरांनी कौतुक केलं. मी रात्री हिशेब केला, इतकी वर्षं तिचा खोकला ऐकत आले, पण तिची फुप्फुसं एकदाही तपासून घेतली नाहीत. दातांची डॉक्टर घरात असताना.

निघताना सगळे आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचं नाव घेत होते. ते १९३८ साली चीनला जखमींसाठी गेले होते. मी दोन वर्षांत परत येऊन बिडी कामगार बायांमध्ये काम करते म्हणाले होते. त्याला आता आठ वर्षं झाली.

ये, मी अडवत नाही. विषय फार मोलाचा आहे, आणि आपल्या गावाला त्याची गरज आहे. फक्त ट्रान्सक्रिप्टसाठी, विद्यापीठाकडून बंद पाकिटात मिळणाऱ्या गुणपत्रकासाठी, तू स्वतः जा. पाकिटाच्या तोंडावर शिक्का नाही म्हणून माझं दोनदा परत आलं. एप्रिलच्या उन्हात तीन खेपा आईने घातल्या, रिक्षाचे पैसे वाचवायला अर्ध्या वाटेपर्यंत चालत.