दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना, मग हे वाच

अगं जूनमध्येच लांबच्या सहलीचं डोक्यात घेऊ नको, पोरं अजून तुला नीट ओळखतही नसतात. आषाढीला मैदानातच दिंडी काढ, पाऊस असला तर व्हरांड्यात, टाळ हातात आले की लाजरी पोरंही रमतात.

खरी सहल डिसेंबर-जानेवारीत, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते, थंडीत बाहेरून पाहुणे पक्षी येतात आणि सातवाजता पोचलीस तर जवळून दिसतात, ऊन चढलं की पक्षीही लांब आणि पोरंही कंटाळलेली. दुर्बिणी तीनचार तरी माग कुणाकडून, एकीवर भागत नाही. आधी एकदा स्वतः जाऊन ये, बाथरूम कुठेय ते बघ, हे मी फार कळकळीने सांगतेय, कारण माझ्या पहिल्या सहलीत एक मुलगी त्याच्यापायी रडून रडून दमली होती आणि मला अजून वाईट वाटतं.

पांडवलेणी छानच, पण पायऱ्या खूप, दुसरीला नको, चौथीला ने. फेब्रुवारीत ओळखीच्या पालकांचा द्राक्षबाग असेल तर तासभर पुरे, फक्त फवारणी कधी झालीय ते आधी विचार.

संमतीपत्रं आठवडाभर आधी, आणि बसमध्ये उलटीसाठी पिशव्या ठेवच.