भिगवणचे फ्लेमिंगो धूसर का येतात?

प्रश्न: सर, उजनीच्या बॅकवॉटरला सकाळी 11 वाजता बोटीतून 70-300 मिमी झूम लेन्सने फ्लेमिंगो काढले पण 300 मिमीला, म्हणजे पूर्ण झूमला, सगळेच धूसर आलेत, लेन्स खराब आहे का?

उत्तर: लेन्स बहुतेक ठीक असेल हो. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 300 चं फ्रेमिंग जवळपास 450 मिमी सारखं होतं, म्हणजे थोडं हललं तरी जास्त दिसतं, त्यात बोट डुलतेय, म्हणून शटर स्पीड 1/1000 सेकंदापेक्षा हळू नकोच, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, नॉइज (फोटोतले दाणे) चालतो पण हललेला फोटो नंतर सुधरत नाही. बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनची थरथर थेट लेन्समध्ये येते. आणि 11 वाजता पाण्यावरची तापलेली हवाच थरथरत असते, त्याला महागडी लेन्सही काही करू शकत नाही, उजाडताच जा. नावाड्याला इंजिन लांबूनच बंद करायला सांगा, जवळून फोटो हवा म्हणून थवा उडवू नका प्लीज.