न वितळलेल्या अशनीत थिजलेल्या लाव्हाचा तुकडा कसा?

कॉन्ड्राइट जातीच्या अशनी (आकाशातून पडलेले दगड) एकत्र जमल्यावर कधी वितळल्याच नाहीत, मग तुम्ही फोटो पाठवलेल्या अशनीच्या कापात बसाल्टसारखा तुकडा आला कुठून, हा तुमचा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे.

आधी फोटोतली त्या तुकड्याची कड नीट पाहा. फेल्डस्पार या खनिजाच्या पट्ट्या पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजात गुंतल्या आहेत आणि कडेला येऊन मध्येच तुटल्या आहेत. थेंब थिजून झालेला कॉन्ड्रूल (कॉन्ड्राइटमधली बारीक गोळी) गोलसर असतो, त्यातले स्फटिक असे कापलेले नसतात. म्हणजे हा खडक दुसरीकडे थिजला, फुटला आणि तयार तुकडा म्हणून इथे आला.

आधी कॉन्ड्राइट बनले, मग काही पिंड तापून वितळले, असं आपण धरून चालतो. खरा क्रम बऱ्याच अंशी उलटा आहे. सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण सुमारे ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर १०-२० लाख वर्षांतच काही लघुग्रहांत लोखंड तळाशी जाऊन गाभा झाला होता, हे लोह-अशनींतल्या टंगस्टनवरून कळतं. बहुतेक कॉन्ड्रूल मात्र त्या पहिल्या कणांनंतर २०-३० लाख वर्षांनी बनले, आणि ते ज्या पिंडात आहेत तो अर्थातच त्याहून नंतरचा.

पिंड वितळवणारी उष्णता दिली ती मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूने. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ७ लाख वर्षं. जो पिंड लवकर जमला तो वितळला, उशिरा आलेल्याच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. हे नुसतं गणित नाही: १९९६ मध्ये राजस्थानात पडलेल्या पिपलिया कलान या बसाल्टी अशनीत या अ‍ॅल्युमिनियमच्या ऱ्हासातून आलेलं जादा मॅग्नेशियम-२६ अहमदाबादच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

पण लगेच ‘हरवलेल्या ग्रहाचं कवच’ म्हणू नका. टकरीच्या उष्णतेनेही खडक वितळतो, तेव्हा रसायन बहुधा मूळ कॉन्ड्राइटसारखंच राहतं आणि अर्धवट वितळलेले दाणे सापडतात. तुकड्यात धातू जवळपास नसेल, निकेल फारच कमी असेल आणि फेल्डस्पार भरपूर असेल, तर आतून वितळलेल्या पिंडाची बाजू बळकट होते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) प्रमाण भोवतालच्या अशनीपेक्षा वेगळं आलं, तर तो तुकडा परक्या पिंडाचा. तुमच्याकडे अजून फक्त फोटो आहे, तेव्हा पहिली चाचणी निकेलची करून घ्या.