गुन्हेपट की घरातला रविवार?

प्रश्न : १९४७चा 'इट ऑलवेज रेन्स ऑन संडे' पाहिला. गाजलेला ब्रिटिश नॉयर, म्हणजे काळोख्या वळणाचा गुन्हेपट म्हणे! पण पिस्तूल नाही, रहस्य नाही, सारा वेळ स्वयंपाकघर आणि पाऊस. यात थरार कुठे आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अहो, थरार त्या स्वयंपाकघरातच आहे! डार्टमूरच्या तुरुंगातून पळालेला टॉमी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जुन्या प्रेयसीच्या, रोझच्या, घरामागच्या हवाईहल्ला-निवाऱ्यात लपतो. रोझचं लग्न झालंय, घरात दोन तरुण सावत्र मुली. ती त्याला वरच्या खोलीत लपवते आणि खाली येऊन रविवारच्या जेवणाला लागते. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो. पिस्तुलानं हे साधलं नसतं.

काळही लक्षात घ्या. युद्ध जिंकलं, पण १९४६ साली ब्रिटनमध्ये पावावरही रेशन आलं होतं. दिग्दर्शक रॉबर्ट हेमर रोझला खलनायिका करत नाही, कंटाळलेली बाई म्हणून पाहतो. मला तरी हे अमेरिकी नॉयरमधल्या मोहिनींपेक्षा जास्त खरं वाटतं. आणि शेवटचा रेल्वे यार्डातला रात्रीचा पाठलाग विसरलात की काय? तो डग्लस स्लोकोम्बचा कॅमेरा. पुढे 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'ही त्यानंच टिपला.

जाता जाता : रोझ झालेली गूगी विदर्स १९१७ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात जन्मली. आणि टॉमी झालेल्या जॉन मॅकलमशी तिनं १९४८ साली खरोखरच लग्न केलं.